वाचकांचे प्रश्न : सायकल, मोटार आणि उट्टे काढण्याची खोड

पाऊस ओसरून सकाळी सायकल काढणाऱ्यांची संख्या वाढली, की सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्यातील भांडणांची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदा ती नेहमीपेक्षा अधिक आली आहेत आणि त्यांतील चार येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत. मी स्वतः आठवड्यातले तीन-चार दिवस सायकल आणि उरलेले दिवस मोटार चालवतो. त्यामुळे दोन्हीकडचे शिव्याशाप मी ऐकले आहेत, आणि खरे सांगायचे तर काही दिलेही आहेत.

प्रश्न : मी जुने गोवे येथून पणजीला सायकलने कामावर जातो. पंधरा दिवसांपूर्वी रायबंदरच्या बांधावरून जाताना, समोरून बस येत असूनही मागच्या एका मोटारीने मला ओलांडले. तिचा डावा आरसा माझ्या उजव्या कोपराला घासून गेला. मी पडलो नाही, पण डावीकडे मिठागरांच्या बाजूच्या कठड्याला जाऊन टेकलो. चालकाने मागे वळूनही पाहिले नाही. पुढे दिवजा सर्कलपाशी गाड्यांची रांग लागली होती. तेथे मी त्याला गाठले आणि काचेवर थाप मारली. त्याने हसून तोंड फिरवले, तेव्हा मी मुठीने त्याचा आरसा फोडला. माझ्या पिशवीवर कार्यालयाचे नाव आहे, त्यावरून त्याने मला शोधून काढले. आता तो नव्या आरशाचे 27,000 रुपये मागतो, नाहीतर पोलिसांत जाईन म्हणतो. आगळीक आधी त्याने केली होती. मग पैसे मी का द्यावेत?

उत्तर : कारण आरसा आपण फोडला. उत्तर कडू आहे, याची मला कल्पना आहे. पण आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या घटना आहेत, आणि पहिलीतील अन्याय दुसरीत वळता करता येत नाही, हे आधी मान्य केल्याशिवाय पुढचे काहीच सांगता येणार नाही.

पहिली घटना बांधावरची. 1633-34 साली पोर्तुगीजांनी बांधलेल्या त्या बांधावरचा रस्ता आजही इतका अरुंद आहे, की समोरून बस येत असताना सायकलला सुरक्षित अंतर ठेवून ओलांडणे तेथे शक्यच नसते. तरीही ज्याने ते केले, त्याने निष्काळजीपणाने वाहन चालवले असे मानण्यास पुरेपूर जागा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 281 सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याविषयी आहे, आणि अशा कृत्याने कोणाला इजा झाली तर कलम 125 लागू होऊ शकते. आपल्या कोपरावर निळा डाग उठला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून त्याची नोंद करून घेणे एवढेच आपले काम होते. आपण तसे केले की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही.

दुसरी घटना दिवजा सर्कलची. दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करणे हा त्याच संहितेच्या कलम 324 खाली आगळिकीचा गुन्हा आहे, आणि नुकसान 20,000 ते 1 लाख रुपयांच्या दरम्यान असेल तर शिक्षा दोन वर्षांच्या कैदेपर्यंत जाऊ शकते. अलीकडच्या मोटारींच्या आरशात मोटर, दिवा आणि कधी कधी कॅमेराही असतो, त्यामुळे एका मुठीने वीस हजारांची रेषा सहज ओलांडली जाते. हे ‘स्वसंरक्षण’ होते, असे आपण म्हणाल. स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे खरा, पण तो धोका असेपर्यंतच टिकतो. कठड्याला टेकलेले असताना आपल्याला धोका होता. सर्कलपाशी ती मोटार रांगेत अडकलेली होती आणि तिच्याकडे आपण चालून गेला होता. प्रक्षोभाचा मुद्दाही फारसा उपयोगी पडणार नाही, कारण कायदा ‘आकस्मिक’ प्रक्षोभ मानतो, आणि आपण तर त्या मोटारीमागे बराच वेळ पेडल मारत गेला होता. त्या अवधीत राग निवण्याऐवजी वाढला, हे माणूस म्हणून मला समजते. न्यायालय मात्र त्याचा उलटा अर्थ लावील.

एक गोष्ट बहुधा आपल्या लक्षात आलेली नाही. ज्या आरशाने आपले कोपर घासले, तोच आरसा आपण फोडला. त्या आरशाच्या कडेवर आपल्या बाहीचा धागा किंवा ओरखडा राहिला असेल, तर तो आपल्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा होता. तो आपल्याच मुठीने नाहीसा झाला, आणि आता त्या आरशाबद्दल जे काही बोलले जाईल ते फक्त आपल्या विरुद्ध असेल.

आता करायचे काय? मालमत्तेचे असे नुकसान खाजगी व्यक्तीचे असेल, तर त्यात कायद्याने तडजोड करता येते, आणि आपण ती करावी असे माझे मत आहे. दुरुस्तीचे मूळ बिल मागा, अंदाजपत्रकावर पैसे देऊ नका. पैसे बँकेतून द्या आणि दोघांच्या सह्यांचा कागद करा. त्या भेटीला एकटे जाऊ नका, पण चार मित्रांनाही नेऊ नका. समंजस असे एकच माणूस पुरे. फोनवर लांबलचक संदेश लिहून ‘हो, मी फोडला, पण तू आधी…’ असे काही पाठवू नका. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले असेल, तर जबाब देण्यापूर्वी वकिलाशी बोला. आणि बांधावरच्या प्रकाराची तक्रार स्वतंत्रपणे नोंदवायची असेल तर अवश्य नोंदवा, मात्र ‘तू तुझी मागे घे, मी माझी घेतो’ अशा सौद्याचे हत्यार म्हणून नव्हे. पंधरा दिवसांचा विलंब झालेला आहे, आणि तो का झाला ते आपल्याला सांगावे लागेल.

हे प्रकरण आरशावरच थांबले, हे आपले नशीब. 1988 च्या डिसेंबरमध्ये पतियाळात वाट देण्यावरून वाद झाला. तेव्हा क्रिकेटपटू असलेले नवज्योतसिंग सिद्धू यांनी 65 वर्षांच्या गुरनामसिंग यांच्यावर हात उगारला आणि गुरनामसिंग यांचा मृत्यू झाला. खटल्यात सिद्धू खालच्या न्यायालयात निर्दोष सुटले, उच्च न्यायालयात तो निकाल फिरला, 2018 साली सर्वोच्च न्यायालयात 1,000 रुपये दंडावर आला, आणि फेरविचारात मे 2022 मध्ये एक वर्षाच्या सक्तमजुरीवर संपला. भांडण काही क्षणांचे, निकाल तेहतीस वर्षांनी. आपल्या त्या चालकाने काच खाली करून बाहेर उडी मारली असती, तर सर्कलपाशी काय झाले असते, याचा विचार आपण केला असेलच.

प्रश्न : मी पर्वरीला राहतो. रविवारी सकाळी कुटुंबासह चोगम रस्त्याने साळगावकडे जात असताना पुढे बारा सायकलस्वार दोन-दोनच्या रांगेत चालले होते. बराच वेळ हॉर्न दिला तरी कोणी बाजूला झाले नाही. शेवटी ओलांडताना त्यांच्यातील एकाने माझ्या दारावर लाथ मारली. मी पुढे गेलो आणि त्यांना जरा धडा शिकवावा म्हणून एकदम ब्रेक मारला. माझ्या गाडीला कोणी धडकले नाही, पण आरशात एक-दोघे पडलेले दिसले. मी थांबलो नाही. नंतर कळले की एकाच्या गुडघ्याला टाके पडले. माझी पत्नी म्हणते, चूक माझी आहे. मी तर कोणाला स्पर्शही केला नाही. शिवाय रोड टॅक्स आम्ही भरतो, हे लोक काय भरतात?

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे बरोबर आहे. स्पर्श झाला नाही, हा मुद्दा ऐकायला जितका भक्कम वाटतो तितका तो नाही. दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका पोहोचेल असे बेदरकार कृत्य करणे आणि त्यातून इजा होणे, एवढेच भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 ला पुरते. आपण तर ‘धडा शिकवावा म्हणून’ असे स्वतःच्या हाताने लिहिले आहे, म्हणजे तो ब्रेक निष्काळजीपणाचाही नव्हता, हेतूचा होता. हा हेतू सिद्ध झाला तर कलमे आणखी वरची लागू शकतात. आपल्याला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण आपले पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या वाक्यावर थांबलो.

मोटारीत बसलेल्याला ‘जरा ब्रेक मारला’ म्हणजे काय होते, ते सायकलवरून कसे दिसते हे सांगतो. रस्त्यावरच्या वेगवान सायकलीचे टायर दोन बोटांएवढे रुंद असतात. स्वाराचे वजन उंच आणि पुढे झुकलेले असते, बोटे ब्रेकच्या खटक्यावर असतातच असे नाही. पुढचा ब्रेक कचकन दाबला, तर मागचे चाक उचलते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. मागचा दाबला, तर चाक घसरते. घोळक्यात दोन सायकलींमध्ये जेमतेम एका चाकाचे अंतर असते, त्यामुळे पहिला सावरला तरी तिसरा पडतो, आणि तो का पडला हे त्याला स्वतःलाही कळत नाही. बाराशे किलोची मोटार आणि सायकलीसह पंच्याऐंशी किलोचा माणूस, म्हणजे चौदास एक असा हा सामना आहे. लाथ मारणारा उद्धट होता, पण लाथेने आपल्या दाराला पोचा पडला असता. आपल्या ब्रेकने कोणाचे डोके फुटू शकले असते. दोन्ही गोष्टी ‘राग’ याच नावाखाली येत असल्या, तरी त्यांचे वजन सारखे नाही. लाथ मारणाऱ्याने मात्र यावरून स्वतःला निर्दोष समजू नये. चालत्या मोटारीवर लाथ मारणारा सायकलस्वार पहिल्यांदा स्वतःच पडतो, आणि त्याच्या सोबतच्या अकरा जणांनी त्याला रस्त्यातच खडसावायला हवे होते.

आपण थांबला नाहीत, ही दुसरी गंभीर गोष्ट. ज्या अपघातात मोटार गुंतलेली आहे त्यात कोणाला इजा झाली, तर जखमीला वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शक्य ते करणे आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा 24 तासांच्या आत कळवणे हे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 134 नुसार चालकाचे कर्तव्य आहे. ते 24 तास उलटून गेले आहेत. तरीही आजच्या आज वकिलाला बरोबर घेऊन जा. जखमीच्या उपचारांचा खर्च देऊ करणे हा कबुलीजबाब ठरेल अशी भीती आपल्याला वाटत असेल, तर ती गोष्टही वकिलालाच विचारा. पण त्या माणसाची चौकशी करण्याआधी वकिलाच्या परवानगीची वाट पाहू नका.

दोन-दोनच्या रांगेबद्दल आपली तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. त्यात थोडे गणित आहे. बारा सायकली एकामागून एक चालल्या तर ती रांग सहज 40 मीटर लांब होते. दोन-दोनने चालल्या तर निम्म्याने आखडते. आपण ताशी 50 किलोमीटरने आणि त्या ताशी 20 ने जात असाल, तर मागचे-पुढचे अंतर धरून लांब रांग ओलांडायला सुमारे सात सेकंद आणि जवळजवळ 100 मीटर रस्ता लागतो. आखूड रांगेला पाच सेकंदांहून कमी वेळ आणि 70 मीटरच्या आत रस्ता पुरतो. म्हणजे दोन-दोनने चालणारे नेहमीच मुजोर असतात असे नाही. पण हे गणित समोरची बाजू मोकळी असेल तेव्हाचे आहे. 1983 च्या राष्ट्रकुल परिषदेच्या निमित्ताने ज्याला ‘चोगम’ हे नाव चिकटले, त्या रस्त्यावर वळणे आहेत, समोरून सतत वाहने असतात, आणि तेथे मागे गाड्या साचू लागल्या की एकेरी होणे, चार-चारचे गट करून मध्ये एक मोटार मावेल एवढी जागा सोडणे, हे सायकलस्वारांचे काम आहे. मिरामारला 2019 साली ‘आयर्नमॅन 70.3’ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी तिहेरी स्पर्धा झाल्यापासून गोव्यात सरावाला निघणारे घोळके वाढले. स्पर्धेच्या दिवशी रस्ता बंद असतो, सरावाच्या दिवशी नसतो, एवढे त्यांतील काहींना अजून उमजलेले दिसत नाही.

हॉर्नविषयी एकच. वळणावर हॉर्न देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तीत गैर काही नाही. तीस मीटर मागून दिलेला छोटा हॉर्न ‘मी येतोय’ असे सांगतो. पाठीला लागून दिलेला लांब हॉर्न ‘हट’ असे सांगतो, आणि दचकलेला सायकलस्वार बाजूला होण्याऐवजी उलट हेलकावतो. गरजेहून अधिक हॉर्न वाजवण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 194F खाली पहिल्या वेळी 1,000 आणि पुढच्या वेळी 2,000 रुपये दंड आहे. राहिला रोड टॅक्स. तो मोटार बाळगण्याचा कर आहे, रस्त्याचे भाडे नव्हे. तसे नसते, तर पायी चालणाऱ्यालाही पावती फाडावी लागली असती.

प्रश्न : मला कट मारून गेलेल्या एका मोटारीचे चित्रण माझ्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात आले आहे. नंबर स्पष्ट दिसतो. ते समाजमाध्यमांवर टाकू का?

उत्तर : आधी पोलिसांकडे द्या. कॅमेऱ्यातील मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, कापू नका, तिच्यावर संगीत चढवू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते मूळ साधनाशी जोडलेले असते. चित्रण जाहीर केले की त्याखाली ‘घर कुठे आहे, बघून घेऊ’ असे लिहिणारे अर्ध्या तासात गोळा होतात. ती मोटार त्या दिवशी कोण चालवत होते, हे त्यांना ठाऊक नसते. बहुधा आपल्यालाही नसेल.

प्रश्न : आमचे गाव फोंडा तालुक्यात आहे. आमच्या वाड्यावर रोज पहाटे पोदेर सायकलने पाव घेऊन येतो. गेल्या आठवड्यात अरुंद रस्त्यावर मागून आलेल्या पर्यटकांच्या गाडीला त्याला लगेच बाजू देता आली नाही. चालकाने पुढे जाऊन गाडी आडवी लावली, खाली उतरून पोदेराला ढकलले आणि पावांची टोपली गटारात लाथाडली. मी आणि माझ्या सासूबाईंनी हे फाटकातून पाहिले. गाडीच्या काळ्या पाटीवर पिवळे आकडे होते, ते सासूबाईंनी दुधाच्या वहीत लिहून ठेवले आहेत. पोदेर म्हणतो, ‘सोडा वहिनी, मला उद्या परत याच रस्त्याने यायचे आहे.’ वाड्यावरची मुले मात्र पुन्हा ती गाडी दिसली तर फोडायची म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आतापर्यंतच्या सर्व पत्रांत योग्य वेळी योग्य गोष्ट केलेले माणूस तेवढे एकच आहे.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याने स्वतः चालवायला दिलेली गाडी, हे गोव्यात लहान मुलालाही कळते. अशा गाडीचा मालक ती कोणाला दिली होती याची नोंद ठेवतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणे त्याला बंधनकारक आहे. त्यामुळे आठ दिवस उलटले आणि पाहुणे परत गेले, तरी माग संपलेला नाही. उलट मुलांनी पुन्हा दिसलेली ती गाडी फोडली, तर तीत बसलेले लोक दुसरेच असतील आणि नुकसान मालकाचे होईल, जो त्या पहाटे तेथे नव्हता. हे मुलांना असेच, याच शब्दांत सांगा. ‘कायदा हातात घेऊ नका’ असे सांगून तरुण मुले ऐकत नाहीत, पण ‘चुकीच्या माणसाला मारून याल’ हे त्यांना पटते.

पोदेराची भीती खरी आहे आणि ती मोडून काढणे आपले काम नव्हे. त्याला तक्रारीला उभे राहायचे नसेल, तर दखलपात्र गुन्ह्याची खबर घटना पाहिलेले कोणीही देऊ शकते, आणि गाडी आडवी लावून वाट अडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खालचा दखलपात्र गुन्हा आहे. आपण दोघी साक्षीदार आहात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार ही खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मग तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात नोंद करून घेतली नाही, तर तीच लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवण्याची सोय त्याच कलमात आहे. मात्र हे सारे त्याला आधी सांगून करा. त्याच्या नावाचा कागद त्याच्या नकळत ठाण्यात गेला, तर रस्त्यावरच्या अपमानावर आणखी एक अपमान होईल.

आणि असा प्रकार समोर घडतानाच दिसला, तर 112 वर फोन करा आणि फाटकातूनच मोठ्याने बोला. बाई बघत आहेत, फोन कानाला आहे, एवढे दिसले तरी ढकलणारा हात बहुतेक वेळा खाली येतो.

एक साधी गोष्टही आपल्या वाड्याला करता येईल. पोदेराच्या सायकलीवर पुढे रबरी भोंगा असतो, मागे मात्र बहुधा काहीच नसते, आणि निळ्या प्लास्टिकने झाकलेली मोठी टोपली पहाटेच्या अंधारात मागच्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मडगार्डवर लाल लुकलुकता दिवा आणि टोपलीच्या कडेने चमकती पट्टी, एवढे वर्गणी काढून दिलेत तर त्याला उपकार वाटणार नाही, कारण पाव आपल्याच घरी येतो.

तक्रार लिहाल तेव्हा ‘टोपली सांडली’ एवढ्यावर थांबू नका. नुकसान किती झाले हे आकड्यात असावे लागते. त्या पहाटे टोपलीत उंडे किती, पोळ्या किती आणि काकणे किती (हे सारे पावाचेच प्रकार) होती, हे पोदेराला तोंडपाठ असणार. दरासकट विचारून तेही दुधाच्या वहीत, गाडीच्या नंबराखालीच, सासूबाईंकडून लिहून घ्या.